उघाडीपाशी

जेवणाच्या टेबलावर नकाशा उलगडला.
चार कोपऱ्यांवर चार वजनं: लोणच्याची बरणी, तुझा चष्मा,
इराचा कंपास, आणि धुऊनही वास न गेलेला डबा.
घोडबंदरच्या जरा वर, दुमडीवर, खाडी फाटली होती,
ती मी चिकटपट्टीनं सांधली.

आपल्या चौघांतलं कुणीच आजवर
स्वतःच्या हातानं वल्हं मारून कुठं गेलेलं नाही.
मासुंदा तलावातली पायडलची बदकहोडी,
तीही अर्धा तास, तिकीट काढून:
एवढाच आपला दर्यावर्दी वारसा.
आणि आता भाड्याच्या दोन कॅनू, दोन रात्री,
आणि तू म्हणतोस, आधी तळ ठरव, मग बाकीचं.

तळ. मी शब्द तोंडात घोळवते.
मुक्कामालाही तळ म्हणतात, पाण्याच्या बुडालाही.
मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे;
म्हणून मी काही बोलत नाही.

नकाशावर पेन्सिलीच्या तीन फुल्या.

पहिली, रिसॉर्टची हिरवळ.
नळ, दिवे, पांढरेशुभ्र संडास.
शनिवारी तिथं कुणाची तरी हळद, डीजेसकट.
"मग पाणी ऐकू कसं येणार?" इरा म्हणाली,
आणि तिच्या धाकट्या भावानं
संडासाच्या बाजूनं मत दिलं.

दुसरी, जंगलाच्या कडेला, फोटोत सगळ्यांत देखणी.
वनरक्षकानं चहा पाजला आणि हात जोडले.
"मॅडम, रात्री इथं बसायला
आम्हालाच परवानगी लागते."
थोडं थांबून म्हणाला,
"बिबट्याला लागत नाही."

तिसरीकडे जाताना मी वाट चुकले.
घट्ट वाटली म्हणून पाय टाकला ती जमीन नव्हती,
ओहोटीनं मागं ठेवलेला चिखल होता.
गुडघ्यापर्यंत गेले. तू ओढलंस, मी आले.
डावी चप्पल आली नाही.

खारजमिनीचा बांध, त्यावर निळी ताडपत्री,
वाळत घातलेली जाळी, गंजका तराजू,
आणि बांधाच्या पोटात उघाडी:
पाणी बाहेर सोडणारं, आत येऊ न देणारं
एक लाकडी दार, शेवाळानं हिरवं.
इथला फोटो कुणीच काढला नसता.

बारकूबाय मढवी मासळी निवडत होती.
आम्ही वारा विचारला, साप विचारले,
मोबाइलची रेंज विचारली.
तिनं एकच विचारलं, "तिथ कंची त्या दिसाची?"
आम्ही फोन चाचपत होतो
तोवर तिनं बोटांच्या पेरांवर मोजून टाकलं.
"नवमी. नवाची पाऊनपट किती? पावनेसात.
सकाली पावनेसातला पानी भरल, मंग तुमाला घेऊन जाल.
दुपारी चिखल दावल.
सांजला परत आनून सोरल. भांगाचा पानी हाय, गरीब."

मी म्हटलं, आम्ही जायची जागा शोधतोय.
ती हसली. एक बोंबील बाजूला टाकला.
"जायाला सगली खारी परली हाय गो.
परत कुठं यायचा, त्या बगा."

परत येताना गाडीत कुणीच बोललं नाही.
एक पाय अनवाणी, मॅटवर वाळत चाललेला चिखल.
कापूरबावडीच्या सिग्नलला
मुलगा म्हणाला, मला तिथला संडास चालेल.
मुळात तिथं संडास आहे का,
हे कुणी पाहिलंच नव्हतं.

घरी दोन फुल्यांवर रबर फिरवलं.
त्यांच्या खुणा कागदावर राहिल्याच,
उजेडात तिरकं धरलं की दिसतात.
तिसरीभोवती मी गोल काढला नाही.
फक्त बाजूला लिहिलं: पावणेसात.

यादी तू केलीस: लाइफ जॅकेट चार,
पिण्याचं पाणी वीस लिटर, टॉर्च, दोरी, मीठ.
मीठ मी खोडलं. तू पुन्हा लिहिलंस.

चपलेचं मी बारकूबायला निघताना सांगितलं होतं.
"येल एकाद्या भरतीला," ती म्हणाली होती,
"उघारीला येऊन लागतान सगलीच."
म्हणून उजवी मी अजून टाकलेली नाही.
पिशवीत सगळ्यांत खाली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, तीही भरली आहे.